‘चला’ न म्हणता काढलेले दहा दिवस

माणसानं जन्मभरात कोणता शब्द किती वेळा उच्चारला याची कुठं नोंद राहत असती, तर माझ्या नावापुढं ‘चला’ हा शब्द सगळ्यात वर निघाला असता. मी तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होतो. चला, पुढं सरका. चला, उतरा लवकर. चला मावशी, पिशवी मांडीवर घ्या. गाडीतून उतरलो तरी हा शब्द माझ्या मागं घरापर्यंत यायचा. चला उठा, चला जेवा, चला झोपा. लग्नात पंगतीला बसलो तर शेजारच्याचा पहिला भात संपायच्या आत मी हात धुऊन उभा असायचो. नातेवाईक मला ‘डबल बेल’ म्हणायचे. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली की गाडी निघते, म्हणून हे नाव. मला त्याचा राग यायचा नाही. उलट घाई हे कामाच्या माणसाचं लक्षण आहे असं मी समजायचो, आणि रेंगाळणारी माणसं मला मनापासून आवडत नसत.

असा मी, दहा दिवस श्रीलंकेत एका तळ्याच्या काठी नुसता बसून आलो. आमच्या अंबडमध्ये हे कुणाला खरं वाटत नाही. काय काय बघितलं म्हणून विचारतात. मी सांगतो, तळं बघितलं. अजून? अजून तेच तळं.

या सगळ्याची सुरुवात माझ्या निरोप समारंभात झाली. डेपोच्या आवारात मांडव घातला होता. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. मग माझ्यासोबत सगळ्यात जास्त वर्षं काढलेला ड्रायव्हर बोलायला उभा राहिला आणि त्यानं तो किस्सा सांगितला. डेपोत तो सगळ्यांना पाठ होता, पण चांगला किस्सा पुन्हा ऐकायला कुणाचीच ना नसते.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोघं आष्टीहून अंबडकडं गाडी घेऊन निघालो होतो. आष्टी माझ्या बायकोचं माहेर. बाळंतपणानंतर ती सात महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्याच गाडीनं घरी येत होती. घनसावंगीच्या स्टँडवर मुलीनं कपडे खराब केले, म्हणून ती मुलीला धुवायला नळावर उतरली. गाडीला आधीच उशीर झालेला. मी मागच्या दारातून बघितलं. ती नळापाशी वाकलेली मला स्पष्ट दिसत होती. तरी मी दोरी दोनदा ओढली. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघून विचारलं, “अन् वैनी?” मी म्हणालो, “कायदा सगळ्याला सारखा. चला.”

मांडव हसला. मीही उठलो आणि छातीवर हात ठेवून म्हणालो, ड्यूटी म्हणजे ड्यूटी. टाळ्या पडल्या. टाळ्या घेत घेत माझी नजर पहिल्या रांगेत गेली. बायको तिथं बसली होती. ती हसत नव्हती, आणि रागावलेलीही दिसत नव्हती. लांबून येणाऱ्या गाडीची पाटी वाचावी, ही आपली गाडी आहे का दुसरीच, तशी ती माझ्याकडं बघत होती.

त्या नळाच्या दिवसानंतर ती पुन्हा कधी माझ्या गाडीत बसली नव्हती, हे त्या मांडवात फक्त मला आणि तिला माहीत होतं. माहेरी जायचं तर ती दुसऱ्या कंडक्टरची फेरी बघून जायची. भांडली नाही, बोलली नाही. मीही विचारलं नाही. बायकांच्या मनात काय असतं ते आपल्याला काय कळतं, असं म्हणून मी सत्तावीस वर्षं सहज काढली. आता हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

निरोप समारंभानंतर महिन्याभरात मुलीचा फोन आला. तीच ती नळावरची मुलगी. आता पुण्यात नोकरी करते. आम्हा दोघांना परदेशात पाठवायचं तिनं ठरवलं होतं आणि ग्रुपची एक सहल बघितली होती. सहा दिवस, पाच शहरं, रोज सकाळी सहाला बस. मला ऐकूनच बरं वाटलं. आम्ही बौद्ध, तेव्हा श्रीलंकेत जाऊन यावं अशी आमच्या घरात जुनी इच्छा होतीच. बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि मुलीला सांगितलं की पाच गावं नकोत, एकच गाव बघ, विहाराजवळ, पाण्याजवळ, आणि तिथंच राहू दे आम्हाला. फोन ठेवून ती माझ्याकडं वळली.

“मी येते,” ती म्हणाली. “पण तिथं एकदा जरी ‘चला’ म्हणलात, तर तिथूनच माघारी फिरेन. अन् मंग पुन्हा तुमच्या संगट कुठंच येणार न्हाई. बाजाराला बी न्हाई.”

दुसरं कुणी असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण सत्तावीस वर्षं माझी गाडी टाळून दाखवलेली बाई होती ती. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी तिथल्या तिथं मनाशी पक्कं केलं: जीभ चावून तुटली तरी चालेल, तो शब्द बाहेर येणार नाही.

जालन्याच्या स्टेशनवरच जीव मेटाकुटीला आला. गाडी लागली, माणसं धावायला लागली आणि ती बाकावर बसून चपलेचा पट्टा नीट करत होती. शब्द घशापर्यंत आला. मी खिशातली लवंग काढून जिभेखाली ठेवली. ही युक्ती मी आधीच योजून ठेवली होती. लवंगेनं जीभ बधिर होते आणि माणूस गप्प बसतो. ती उठली, सावकाश डब्यात चढली आणि खिडकीजवळ बसली. गाडी आणखी पाच मिनिटं तिथंच उभी होती. मुंबईत विमानतळावर दोन लवंगा लागल्या.

कोलंबोला उतरल्यावर मी आधी घड्याळ बघितलं. परदेशात गेलं की काटे फिरवावे लागतात असं ऐकून होतो. तिथं विचारलं, तर म्हणे तुमची आणि आमची वेळ एकच. म्हणजे एवढ्या लांब येऊन माझ्या मनगटावर अंबडचीच वेळ टिकटिकत राहिली. बायको म्हणाली, बरं झालं, तुमच्या रोगाला हवापालट मिळालीच न्हाई.

मुलीनं ठरवलेलं गाव विमानतळापासून गाडीनं साडेतीन-चार तासांवर होतं. गाव कसलं, रस्त्याच्या कडेला पंचवीस-तीस घरं, एक विहार आणि मागं तळं. आमच्या घाणेवाडीच्या तलावासारखी आठ-दहा तळी मावतील एवढं मोठं, आणि काठोकाठ भरलेलं. टँकरच्या मागं पळण्यात ज्यांची अर्धी हयात गेली त्या माणसांना एवढं पाणी बघून आधी भीतीच वाटते. बायको किती तरी वेळ काठावर उभी होती. शेवटी म्हणाली, हे कुणी नेत कसं न्हाई?

आमची खोली एका म्हातारीच्या घरात होती. तिला सिंहली आणि थोडं मोडकं इंग्रजी येत होतं, माझ्या बायकोला मराठी आणि पोटापुरतं हिंदी. पण पहिल्याच संध्याकाळी दोघी पायरीवर बसून नारळ खवत होत्या आणि आपापल्या भाषेत बोलत होत्या. कुणाचं काही अडत नव्हतं. सकाळी तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, त्यावर नारळाच्या दुधातली डाळ आणि लाल तिखट खोबरं. दुपारी भात. चहा कोरा, आल्याचा. त्यात साखर घालत नाहीत. एका हातात ताडगुळाचा खडा धरायचा, जरासा चावायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. गूळ पुरवून पुरवून खावा लागतो, त्यामुळं चहा घाईनं पिताच येत नाही. आमच्या स्टँडवर मी चहा उभ्यानं दोन घोटात संपवायचो.

सकाळी बायको म्हातारीबरोबर तळ्यावर जायची. तिथल्या बायका छातीपर्यंत कापड गुंडाळून पाण्यात उतरतात आणि तास-तास डुंबतात. दोन दिवस तिनं नुसते पाय बुडवले. तिसऱ्या दिवशी बघतो तर ही गळ्यापर्यंत पाण्यात, आणि हसते आहे. मी काठावर टॉवेल घेऊन उभा. एवढा वेळ पाण्यात राहिली तर सर्दी होईल, जेवायला उशीर होईल, ऊन चढेल, असे सगळे विचार माझ्या डोक्यात फेऱ्या मारत होते. खरं म्हणजे उशीर कशालाच होत नव्हता, कारण पुढं काहीच ठरलेलं नव्हतं. हेच मला सोसत नव्हतं.

तिथं मला एकच आधार होता, तो म्हणजे रस्ता. रस्त्यानं लाल गाड्या जायच्या, अगदी आपल्यासारख्या, दारात कंडक्टर लोंबकळत असलेला. दोन दिवसांत त्या रस्त्याचं सगळं वेळापत्रक मला तोंडपाठ झालं. अकराची, एकची, तीनची. कोणती उशिरा येते, कोणता ड्रायव्हर वळणावर हॉर्न देतो. त्यांचे कंडक्टर ‘यमु, यमु’ असं ओरडायचे. म्हातारीला विचारलं तर तिनं हातानं पुढं जायची खूण केली. म्हणजे ‘चला’. मला लॉटरीच लागल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी बाजारातून परतताना मी साळसूदपणे बायकोला म्हणालो, यमु. ती जागची हलली नाही.

“देश बदलला म्हणून अर्थ बदलत न्हाई,” ती म्हणाली. “ही एक बार माफ.”

लवंगा संपत आल्या होत्या. मग दुसरी युक्ती आपोआप सुचली. कुठंही बसलो असलो की माझ्या तोंडून ‘च’ निघायचा, तिथं मी स्वतःला पकडायचो आणि म्हणायचो, “च... चहा घ्यायचा का?” तिला ते पहिल्याच वेळी कळलं. पण ती गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, घेऊ की. मग पुन्हा कोरा चहा, पुन्हा गुळाचा खडा, पुन्हा अर्धा तास. माझ्या घाईनंच मला रोज पाच-सहा वेळा खाली बसवलं. रस्त्यावरच्या चहावाल्याला वाटलं असेल, कुठून आलीत ही चहाबाज माणसं.

विहार रस्त्याच्या पलीकडं होता. तिथं गेलो आणि वंदना सुरू झाली, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडं बघितलं. बुद्धं सरणं गच्छामि. तेच शब्द, लहानपणापासून आमच्या वस्तीतल्या विहारात म्हटलेले, फक्त चाल लांब, स्वर ओढलेला. बायकोनं आवाज लावला. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या, मग सरकून तिला मधे घेतलं. एवढ्या लांब, भाषा येत नसताना, आपली प्रार्थना दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की काय होतं ते मला सांगता येणार नाही. माझे डोळे भरून आले, एवढं खरं. पण तिथंही माझं मन म्हणत होतं, हे लोक प्रत्येक ओळीला किती वेळ लावतात.

जवळच एक मोठा खडक आहे. जगभरातून माणसं तो चढायला येतात. आमच्या तळ्यावरून तो लांब निळा दिसायचा. आम्ही गेलो नाही. बायको म्हणाली, इथून दिसून राह्यला की बराबर. मीही जिद्दीला पेटलो होतो. नाही बघायचा म्हणजे नाही बघायचा.

सहाव्या दिवशी दुपारी त्या ड्रायव्हर मित्राचा फोन आला. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. फोन मी स्पीकरवर टाकला. कसं काय झालं, खडक चढला का, किती फिरलात, असं विचारून झाल्यावर तो म्हणाला, “वैनी संगट हायत ना? का तिथं बी नळावर सोडून आलात?”

मी हसलो. मुद्दाम नाही, सवयीनं. सत्तावीस वर्षं त्या जागी हसायची सवयच लागली होती. बायको उठली आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत ती बोलली नाही. म्हातारी दोनदा येऊन बघून गेली.

मी तळ्यावर एकटा जाऊन बसलो. शब्द मोडला नव्हता, ‘चला’ म्हणालो नव्हतो, तरी काहीतरी मोडलं होतं. पहिल्यांदाच मी तो किस्सा मनात सुरुवातीपासून सावकाश लावून बघितला. आष्टी, घनसावंगी, नळ, दोरी, ‘कायदा सगळ्याला सारखा’, आणि गाडी निघते. बस्स. किस्सा तिथं संपतो, कारण गाडीत मी होतो. ती नळापाशी वाकते आणि किश्शातून जातेच. पुढच्या गाडीला दोन तास होते. तिची पिशवी, मुलीचे कपडे, माहेरची शिदोरी, सगळं माझ्या गाडीत. त्या दोन तासांत तिचं काय झालं हे डेपोत कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मित्राला फोन केला आणि सांगितलं, तो किस्सा आजपासून बंद. तो म्हणाला, “कामून? एवढा भारी किस्सा.” मी म्हणालो, “अर्धाच हाय तो.” त्याला काही कळलं नाही. बायको आत म्हातारीजवळ होती; तिनं ऐकलं का नाही हे मला माहीत नाही. दुपारी तिनं माझ्यापुढं चहा आणून ठेवला आणि गुळाचा मोठा खडा दिला.

शेवटचा दिवस पौर्णिमेचा होता. विमान आमचं रात्रीचं. विमान चुकलं नाही हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष तिकडंच राहील. अकराच्या गाडीनं निघायचं असं मी दोन दिवस घोकत होतो. एकच्या गाडीनंही जमलं असतं, आणि अगदी ओढून ताणून तीनच्या. पण कंडक्टर माणूस ओढून ताणून जगत नाही.

पौर्णिमेला तिथं विहारात सगळे पांढरे कपडे घालून येतात आणि पिंपळाखाली दिवसभर बसतात. बायकोनं बॅगेच्या तळातून पांढरं लुगडं काढलं, आपल्याकडं वंदनेला नेसते तेच. सकाळी म्हातारीसोबत ती पुढं गेली. म्हातारीनं मला दारातच हात जोडले आणि काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ ‘जाऊन येते’ असा होतो, हे मला आता माहीत होतं. तिथंही निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत.

पावणेअकराला मी दोन्ही बॅगा घेऊन विहाराच्या फाटकाशी उभा राहिलो. पिंपळाखाली पांढऱ्या कपड्यांतल्या शे-दीडशे बायका बसल्या होत्या. त्यातली माझी कोणती हे शोधायला वेळ लागला. ती म्हातारीच्या खांद्याला खांदा लावून डोळे मिटून बसली होती. तिला वेळ माहीत होती. मी काल चार वेळा सांगितली होती. मी तिथूनच खाकरलो. तिनं डोळे उघडले नाहीत.

लवंगा संपल्या होत्या. ‘चहा’ म्हणून भागणार नव्हतं. अकराला पाच कमी असताना वळणावरचा हॉर्न ऐकू आला. आत जाऊन तिच्या कानाशी एक शब्द बोलायचा, एवढंच काम होतं. माझं सगळं अंग त्या शब्दाकडं ओढ घेत होतं. गाडी येऊन थांबली. दारातल्या कंडक्टरनं माझ्या बॅगा बघितल्या आणि हातानं बोलावलं. मी मान हलवली. त्यानं पुन्हा बोलावलं. मी दोन्ही बॅगा खाली ठेवल्या आणि त्यांच्यावर बसलो. गाडी गेली.

आयुष्यात पहिल्यांदा एक गाडी मी अशी जाऊ दिली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी मागून बघत होतो. वाटेवर मागं राहून गाडीची पाठ बघणं कसं असतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. मी कायम आत असायचो.

ती साडेअकराला बाहेर आली. काही विचारलं नाही. रस्त्याकडेच्या निवाऱ्यात आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. एकच्या गाडीला वेळ होता. समोर तळं होतं. बराच वेळ झाल्यावर तिनं विचारलं, “अकराची गेली?”

“गेली.”

“तुम्ही बघितली जाताना?”

“बघितली.”

मग ती बोलायला लागली. तळ्याकडं बघत, सावकाश. मी मधे एकदाही तोंड घातलं नाही.

“मी पोरीला घेऊन पळाले हो गाडीच्या मागं,” ती म्हणाली. “वीस-पंचवीस पावलं. मंग थांबले. वाटलं, आता वळवून आणतील. अर्धा तास रडले. पोरगी माझ्याकडं बघत होती, तिला अंगात घालायला कोरडं काही न्हाई. पदरात गुंडाळली. मंग ती झोपली. अन् मंग ध्यानात आलं, मला कुणीच हाक मारून न्हाई राह्यलं. लगीन झाल्यापासून पहिल्यांदा. चूल न्हाई, पाणी न्हाई, सासू न्हाई, तुम्ही न्हाई. बाजूला एक काकडीवाली म्हातारी होती. तिनं काकडी चिरून दिली, मीठ लावून. ती खाल्ली.”

ती थोडी हसली. मला हे अपेक्षित नव्हतं. सत्तावीस वर्षांचा राग ऐकायच्या तयारीनं मी बसलो होतो.

“दुसरी गाडी आली तवा बसावंच वाटंना. वाटलं, ही बी जाऊ द्यावी. पण म्हणलं, तुम्ही घरी काळजीत असाल. दारात उभे असाल. म्हणून बसले. तुम्ही दारातच होता. म्हणलात, आलीस का, चल, भाकरी टाक.”

मला ते आठवत नव्हतं. बिलकुल आठवत नव्हतं. पण ते मीच म्हणालो असणार याबद्दल मला शंका नव्हती. तो शब्दच माझा होता.

“गाडी सोडली त्याचं एवढं न्हाई,” ती म्हणाली. “तुमची ड्यूटी होती. पण दोन तास कुठं होतीस, काय केलंस, हे तरी माणूस इचारतं.”

वळणावर हॉर्न वाजला. एकची गाडी. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि पदर सावरला. गाडी येऊन उभी राहिली, कंडक्टर दारातून ओरडायला लागला, यमु, यमु. मी उठलो. बॅगा तिथंच ठेवल्या. गाडीजवळ जाऊन त्याला हातानं नाही अशी खूण केली आणि गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. डबल बेल. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि गाडी निघून गेली.

मी परत येऊन तिच्या शेजारी बसलो.

“मंग?” मी विचारलं. “काकडी खाल्ली, अन् पुढं काय केलंस?”

तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि सांगायला लागली.